दीपमाळेची कातडी

आमच्या वाडीत देवळासमोर एक दीपमाळ आहे. राहू गावाकडून येताना ऊस जिथं संपतो तिथून आधी ती दिसते, देऊळ नंतर. काळ्या दगडाची, बुडाशी रुंद, वर निमुळती होत गेलेली, आणि अंगभर पणत्या ठेवायला दगडाचेच पुढे आलेले हात. त्रिपुरी पौर्णिमेला त्या सगळ्या हातांवर दिवे लागतात. पहिला दिवा कोणी लावायचा ते ठरलेलं असतं. त्याला मानाचा दिवा म्हणतात, आणि तो मान गावातल्या मोजक्या घरांत आळीपाळीनं फिरतो. त्यांत आमचं घर कधीच नव्हतं. वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालतात, आई लोकांच्या रानात खुरपायला जाते. पौर्णिमेला आम्ही गर्दीच्या मागे उभे राहायचो आणि दिवे लावून झाले की पुढे जायचो. त्याचं कधी वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. दादाला वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दीपमाळेच्या बुडाशी, लहान मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, एक बाई कोरलेली आहे. कोरलेली होती, असं लिहायला हवं. वीतभर उंचीची, ओंजळीत दिवा धरलेली. तेल आणि काजळी बसून ती इतकी काळी झाली होती की नुसतं बघून ती बाई आहे हेही कळायचं नाही. आई दर्शनाला आत गेली की मी तिच्या तोंडावरून बोट फिरवत बसायचे. नाकाच्या डाव्या बाजूला काहीतरी बारीक, गोल लागायचं. नथ. ती कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. माझ्या बोटाला तेवढी माहीत होती.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. बारावीनंतर माझ्यासाठी स्थळं येऊ लागली होती, पण दादा मध्ये पडला. तो शिक्रापूरला एका कंपनीत आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. ओतून आलेल्या लोखंडी भागांवर वाळू चिकटलेली असते, काळी खपली धरलेली असते. हवेच्या जोरावर बारीक छर्रे मारून ती उडवायची, हे त्याचं काम. भाग आत जातो काळाकुट्ट आणि बाहेर येतो चांदीसारखा. तो आईला म्हणाला होता, "आपल्यात एकानं तरी पुस्तकात डोकं घालू दे. माझं तर हेल्मेटातच गेलं." आई हसली आणि स्थळांचा विषय संपला. मी शिरूरच्या कॉलेजात केमिस्ट्रीला प्रवेश घेतला आणि होस्टेलवर राहू लागले.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा असतो. बहुतेक मुलांनी विहिरीचं पाणी नाहीतर माती तपासायचं ठरवलं. आमच्या मॅडम जुन्या दगडी बांधकामांच्या जपणुकीवर एकदा शिकवून गेल्या होत्या. दगडाला न दुखवता मळ कसा काढायचा, तेही पाण्यात किंवा मातीत काही वाईट न सोडता. तो तास माझ्या डोक्यातून गेला नव्हता. वर्गात सगळ्यांसमोर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून मी जिन्यात त्यांना गाठलं आणि दीपमाळेबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दगडालाही कातडी असते. वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाऊन वरचा थर तयार झालेला असतो. मळ राहिला तरी चालेल, कातडीला धक्का लागता कामा नये. मळ परत बसतो. कातडी परत येत नाही."

परवानगी यात्रा कमिटीची हवी होती. कमिटीचं सगळं आप्पांच्या हातात. मोठे बागायतदार आहेत, कारखान्याच्या राजकारणातही असतात. त्यांच्या ओट्यावर मी नुसती उभी राहिले, बोलला दादा.

"कुठलं केमिकल मारनार?" आप्पांनी मला विचारलं.

"केमिकल नाही आप्पा. पाणी, मऊ ब्रश आणि उसाच्या चिपाडाचा लगदा."

"म्हंजी विनाकेमिकल."

"हो."

"मग कर की. आमच्या उसाला न्हाई जमलं, दगडाला तरी जमू दे." ओट्यावरची माणसं हसली. मीही हसले. त्या दिवशी मला ते शब्द फार चांगले वाटले होते.

काम शनिवार-रविवारी चालायचं. मी शिरूरहून यायचे, दादा शिक्रापूरहून मोटारसायकलवर. आधी कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची. मग रिठ्याचं पातळ पाणी, थोड्याशा जागी, आणि बांबूच्या काडीनं काजळीचे फुगलेले पोपडे सोडवायचे. खरी अडचण सांध्यांजवळ होती. कोणीतरी पूर्वी दगडांच्या फटी सिमेंटनं भरल्या होत्या. सिमेंटातला क्षार दगडात उतरून पांढरा फुलत होता आणि दगडाचे पापुद्रे सुटत होते. त्यावर उपाय म्हणजे लगदा. वडील गुऱ्हाळावरून बारीक चिपाड आणायचे. ते मी उकळायचे, पाणी फेकायचे, पुन्हा उकळायचे. गोडवा आणि रंग पूर्ण जायला हवा, नाहीतर दगडावर डाग पडून मुंग्या लागतील. मग कुटून, कोऱ्या कागदाचा भुगा मिसळून त्याचा ओला थर दगडावर थापायचा. थर वाळताना दगडातलं पाणी ओढून घेतो आणि पाण्याबरोबर क्षार त्यात येतो. वाळलेला लगदा मी कॉलेजात नेऊन पाण्यात भिजवायचे आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडायचे. क्षार उतरलेला असला की पांढरा ढग उठायचा. तशी एक बाटली मी दादाला आणून दाखवली. तो ती उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला. "हे आपल्या दीपमाळंतनं निघालं?" म्हणाला. "व्हय की," मी म्हटलं. घरी आले की माझीही भाषा बदलते.

आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं आहे, ते वापरलं तर क्षार काढायच्याऐवजी भरला असता. म्हणून दादा फिल्टरच्या पाण्याचे जार मोटारसायकलला बांधून आणायचा. पिंपळाच्या पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना चेष्टेला तेवढंच पुरायचं.

"मानसं बोअरचं पित्यात आन् दगूड फिल्टरचं!"

"मामा, या की, तुम्हाला बी लगदा थापतो. तोंडाचा खारटपणा निघंल," दादा ओरडायचा. सगळा पार हसायचा. त्याच्याबरोबर असताना मला कशाचीच भीती वाटायची नाही.

त्याला मी सगळं शिकवलं. हेच मी आता पुन्हापुन्हा आठवते. बोटाच्या पेरानं दगडावर टकटक केलं की भरीव जागी आवाज घट्ट येतो आणि पापुद्रा आतून सुटला असेल तिथं पोकळ येतो. त्याचा कान माझ्याहून चांगला निघाला. कंपनीत तो कास्टिंगमधली भेग आवाजावरून ओळखतो. पोकळ जागा त्यानंच शोधल्या आणि मला दाखवल्या. "हितं हात लावू नको बारके. हितं बी. ही जागा मेलेली हाय." तो मला बारके म्हणतो.

दिवाळीच्या आधी बाईचा चेहरा मोकळा झाला. ओठ दिसले, कानातलं दिसलं, आणि नथ. तिच्यातल्या मोत्याला बारीकसा खळगा होता, तो बोटालाही माहीत नव्हता.

"आयला, बाईला नाक हाय की!" दादा म्हणाला. मग त्यानं खिशातला रुमाल काढून हात पुसले आणि एका बोटानं, अगदी हलकेच, नथीला हात लावला. तो हात मी पाहिलेला आहे. म्हणून मला पुढचं समजत नाही.

आमचा साफ झालेला तुकडा परातीएवढा होता. आप्पा बघायला आले, लांबून बघितलं, जवळून बघितलं. "लई भारी. खालचा दगूड असा हाय व्हय! पन पोरी, ह्या चालीनं माझ्या नातवाच्या लग्नात दीपमाळ साफ व्हईल."

"घाई करून चालत नाही आप्पा," मी म्हटलं. माझा आवाज फार लहान आला असणार. ते दादाकडे बघत होते.

सेमिस्टरचे पेपर पौर्णिमेच्या तोंडावरच आले. निघताना मी दादाला बजावलं की सांध्यांवर लगदा लावलेला आहे, तो आपोआप वाळू दे, कोणी ओढायला नको.

"तू जा. तुझ्याबिगर कुनाचं बोट लागू देनार न्हाई," तो म्हणाला. "पेपर लिही जा."

पेपरांच्या काळात आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलीस का, पेपर कसा गेला. एकदा तिच्या मागे मोठी घरघर ऐकू आली, तिचं बोलणं कळेना.

"कसला आवाज गं?"

"ट्रॅक्टर हाय," आई म्हणाली. "तू अभ्यास कर."

दादाला दोनदा फोन लावला. ओव्हरटाइम आहे म्हणाला आणि ठेवला.

पेपर संपवून पौर्णिमेच्या दिवशी सकाळी मी एसटीत बसले. न्हावऱ्याच्या पुढं रेंज आली तसा गावच्या ग्रुपवरचा व्हिडिओ उघडला. वर गाणं लावलेलं होतं, ढोलाचं. ट्रॉलीवर कॉम्प्रेसर, दीपमाळेभोवती धुळीचा पांढरा लोट, आणि लोटात हेल्मेट घातलेला एक माणूस, हातात जाड नळी. तो नळी वरून खाली, वरून खाली फिरवत होता. चेहरा दिसत नव्हता. दादा उभा राहतो तेव्हा उजवा खांदा थोडा पाडतो. मी त्या खांद्यावरून त्याला ओळखलं. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. भीमेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा मी पुन्हा व्हिडिओ लावला, आवाज बंद करून. तरीही तोच होता.

देवळाच्या वाटेवर फ्लेक्स लागला होता. "पर्यावरणपूरक व विनाकेमिकल पद्धतीने दीपमाळेचा जीर्णोद्धार." वर कमिटीचे फोटो, मधे आप्पांचा मोठा, आणि खाली कोपऱ्यात माझा. "गावची कन्या, मार्गदर्शन." तो फोटो माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा होता. गावात तो फक्त दादाच्या मोबाइलमध्ये होता.

दीपमाळ राखाडी झाली होती. नव्या फरशीसारखी, सगळीकडे एकसारखी, उन्हात डोळ्यांवर येणारी. पूर्वी दगडावर छिन्नीचे तिरपे घाव दिसायचे, ते बुजले होते. मी खाली बसले. बाईच्या जागी बाईचा आकार होता. पाण्यात ठेवलेला साबण होतो तसा. ओंजळ होती, दिवा होता, तोंड नव्हतं. मी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. काही लागलं नाही. बोटाला पांढरी पूड लागली.

"बघितलं का?" मागून आप्पा आले. ते खरोखरच खूश होते. "कशी झळकतीय! समद्या तालुक्यात अशी न्हाई."

मी बोटावरची पूड पुसत उठले. "आप्पा, मी असं सांगितलं नव्हतं."

"मंग कसं? केमिकल नको म्हनलीस, थेंबभर वापरलं न्हाई. वाळू हाय नुसती, नदीचीच. निसर्गाची वस्तू. तुझाच शब्द पाळला." बरोबरच्या दोघांनी माना हलवल्या. "आन् तुझा नमुना बघूनच तर ठरवलं. तेवढा तुकडा एवढा चांगला दिसतोय तर समदीच का न्हाई?"

माझ्याकडे उत्तर होतं. मॅडमनी शिकवलेलं सगळं होतं. पण फ्लेक्सवर माझा फोटो होता आणि भोवती माणसं जमली होती, आणि कोणाच्याच चेहऱ्यावर वाईट हेतू नव्हता. मी घरी आले.

दादा अंघोळ करून नवा पांढरा शर्ट घालत होता. केसांत अजून धूळ होती. मला बघून त्यानं बटणं लावायची थांबवली.

"तू केलंस," मी म्हटलं.

"बाहेरचा मानूस बोलावनार व्हते ते. त्यानं तर पार वाटच लावली असती."

"तुला ठाऊक होतं काय होईल ते."

तो खोटं बोलला नाही. त्यानं खोटं बोलावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. "ठाऊक व्हतं," म्हणाला. "म्हनून तर टकटक करून बघितलं आधी. तू शिकवल्यावानी. पोकळ जागंवर प्रेशर कमी ठिवला. बाईवर तर लांबनं मारलं, बारके. लई लांबनं."

इतके शनिवार-रविवार मी त्याला जे ऐकायला शिकवलं, ते त्यानं ऐकलं होतं, आणि तरीही नळी तिथं वळवली होती.

"कशासाठी?"

आई चुलीपाशी होती. तिनं वळून न बघता सांगितलं, "औंदा मानाचा दिवा आपल्याकडं हाय."

मग मला घरात काय काय आहे ते दिसलं. पाटावर आईची जपून ठेवलेली हिरवी साडी, नवी पितळी पणती, नारळ. वडील दाढी करून दारात बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं. ट्रॅक्टर हाय, असं आई म्हणाली होती तेव्हाही.

"मला सांगितलं का नाहीस?" मी आईला विचारलं.

"तुझा पेपर व्हता," आई म्हणाली. मग म्हणाली, "आन् तू नको म्हनली असतीस."

दादा हळू आवाजात बोलायला लागला. "आप्पा म्हनलं, कंपनीत तुझं रोजचंच काम हाय, पौर्णिमेच्या आत करून दे, औंदाचा दिवा तुझ्या घरचा. बारके, तुला कॉलेज हाय. तुला लोक फ्लेक्सवर घेत्यात. मला काय हाय? लहान असताना मानकऱ्यांतल्या आबानं मला दीपमाळंपासनं मागं सारलं व्हतं, ध्यानात हाय का तुला? मान न्हाई तुमचा, मागं व्हा. आईच्या देखत."

मला ते आठवत नव्हतं. मी बहुतेक बाईच्या तोंडावरून बोट फिरवत असेन. त्याचं दुःख मला समजलं, अजूनही समजतं. पण तो मला विचारू शकला असता. मी कदाचित नाही म्हटलं असतं, कदाचित म्हणू शकले नसते. ते त्यानं माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही, आणि वर माझा फोटो दिला.

दिवस मावळताना सगळे देवळापुढं जमले. आई हिरव्या साडीत पुढं उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पुढं कोणी नव्हतं. ताट मी धरायचं ठरलं होतं. मी नाही म्हणाले नाही. ताट धरलं. दादानं पितळी पणती पहिल्या हातावर ठेवली, वात लावली, आणि लोकांनी देवाचं नाव घेतलं. आईनं डोळ्याला पदर लावला. दादानं माझ्याकडं बघितलं. नथ दिसली त्या दिवशी बघितलं होतं तसंच. मी ताटाकडं बघत राहिले.

मग बाकीचे दिवे लागले, मातीचे. पूर्वी सांडलेलं तेल काळ्या कातडीवरून ओघळून खाली यायचं. या वेळी ते ओघळलं नाही. उघड्या दगडानं ते आत ओढून घेतलं. पणत्यांच्या खाली राखाडी अंगावर गडद ठिपके उमटले, मग पट्टे. आप्पा म्हणाले, "वाळंल." मला माहीत होतं की वाळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिरूरला परत आले. मॅडमना फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. प्रकल्प लिहून दे, म्हणाल्या, जे झालं ते सगळं लिही. मी लिहिला. "नळी कोणी धरली" हे त्यात नाही.

नंतर एका रविवारी दादाचा फोन आला. तो दीपमाळेपाशीच होता, मागे पारावरच्यांचा आवाज येत होता.

"बारके, तेलाचे डाग लई पसरल्यात. लोक बोलाय लागल्यात. चिपाड उकळून ठिवलंय मी, पार पांढरं हुईस्तोवर. फिल्टरचं पानी बी आनलंय. कागद किती घालायचा तेवढं सांग. आन् तेलाला ह्योच लगदा चालतो का दुसरं काय मिसळावं लागतं?"

तेलाला नुसता लगदा चालत नाही. त्यात मुलतानी माती घालावी लागते, थर जाड ठेवावा लागतो, आणि पुन्हापुन्हा बदलावा लागतो. हे मला त्याच फोनवर सांगता आलं असतं. सांगायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात फोनमधून टकटक ऐकू आली. तो बोलता बोलता दगडावर पेर मारून बघत होता, मी शिकवलं तसं.

"हालो? बारके?"

"मी आले की बघू," मी म्हटलं.

"कवा येशील?"

पलीकडची टकटक थांबली होती.

"बरं," तो म्हणाला. "चिपाड भिजवून ठिवतो."

या गोष्टीला बरेच शनिवार होऊन गेले. आई फोनवर सांगते की तो अजून दर रविवारी येतो, चिपाडाचं जुनं पाणी फेकतो आणि नवीन घालतो. दगडाला हात लावत नाही.